कागदाची घडी आणि झाडाचा शेंडा

गेल्या मे महिन्यात आमच्या परसातली वाळलेली निलगिरी तोडायची ठरली. झाड तोडणाऱ्यानं मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "३० फूट असेल. बुंध्यातून कापतो. आडवं पडेल, कशाला धक्का लागणार नाही." पण बुंध्यापासून ३५ फुटांवर शेजारच्या आजींची पत्र्याची खोली. दुपारी त्या तिथंच आडव्या झालेल्या असतात.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. झाडाच्या सावलीवर चार ओळी लिहीन. उंची कशी सांगणार? दहावीतली भाची म्हणाली, "मामू, एक चौरस कागद द्या."

रेडिओवर फळा नाही, म्हणून शब्दांनीच आकृती काढतो. चौरस कागद कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडला की काटकोन त्रिकोण होतो. उरलेले दोन कोन ४५-४५ अंशांचे. त्याची एक लहान बाजू जमिनीला समांतर धरायची, दुसरी उभी, आणि डोळा तिरक्या कडेच्या खालच्या टोकाशी. त्या कडेवरून शेंडा नेमका दिसेपर्यंत मागं सरकत राहायचं. तिथं उन्नत कोन ४५ अंशांचा झाला. या कोनात उभी बाजू आणि आडवी बाजू सारख्याच, म्हणून बुंध्यापर्यंतचं अंतर मोजलं की उंची हाती आली. टेपनं भरलं ३८ फूट. त्यात भाचीच्या डोळ्याची जमिनीपासूनची उंची मिळवायची (ही बेरीज मुलं हमखास विसरतात), म्हणजे आणखी पावणेपाच फूट. झाड जवळजवळ ४३ फुटांचं निघालं!

कागदाएवढा त्रिकोण झाडाला कसा पुरतो? कोन तेच असतील, तर त्रिकोण तळहाताएवढा असो की डोंगराएवढा, उभ्या बाजूला आडव्या बाजूनं भागून येणारी संख्या बदलत नाही. तिलाच टॅन म्हणतात. ४५ अंशांसाठी ती १, ६० साठी सुमारे १.७३, ३० साठी ०.५८.

बुंध्यापर्यंत जाताच येत नसेल, समजा नदीपलीकडची टेकडी असेल, तर दोन जागांवरून पाहायचं. एका जागी कोन ३० अंश आला, सरळ १०० फूट पुढं गेल्यावर ६० झाला. आता दुसऱ्या जागेपासूनच्या अंतराची १.७३ पट म्हणजे उंची, आणि पहिल्या जागेपासूनचं अंतर उंचीच्या १.७३ पट. म्हणजे पहिलं अंतर दुसऱ्याच्या तिप्पट. फरक १०० फुटांचा, तेव्हा दुसरं अंतर ५०, आणि डोळ्याच्या पातळीपासून उंची साडेशहाऐंशी फुटांच्या जरा वर. पाण्यात पायही घालावा लागला नाही.

टॅनचा भाऊ साइन. त्याच्या नावाची कथा मला गणिताहून गोड वाटते. आर्यभटाच्या ग्रंथात तो 'ज्या', म्हणजे धनुष्याची दोरी. 'जीवा' या रूपातून अरबीत 'जीबा' झाला. अरबीत ऱ्हस्व स्वरांच्या खुणा बहुधा गाळतात, म्हणून पुढं तोच शब्द 'जैब' असा वाचला गेला. जैब म्हणजे अंगरख्याची छातीवरची चीर; उर्दू शायरीतले दिवाने जी फाडत असतात ती. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा 'सायनस' शब्द योजला. दोरीचं वस्त्र झालं, ते वाचनाच्या चुकीनं!

आपल्याकडं संस्कृत शिकलेल्या अल्-बेरुनीनं अकराव्या शतकात, आज पाकिस्तानात असलेल्या नंदना किल्ल्याजवळ, मैदानातून दोन कोन घेऊन डोंगराची उंची काढली. मग वर चढून क्षितिज किती खाली झुकलेलं दिसतं ते मोजलं. अवनत कोन भरला ३४ मिनिटं, अर्ध्या अंशाहून जरासा जास्त. तेवढ्यावरून त्यानं पृथ्वीची त्रिज्या मांडली. अर्थात इतक्या लहान कोनात केसभर चुकलं तरी उत्तर कितीतरी मैल सरकतं. शिवाय हवेतून येताना प्रकाश किंचित वाकतो.

आमच्या निलगिरीला ती भीती नव्हती. तरीही मी भाचीला दुसऱ्या बाजूनं पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा ४३च. झाड तोडणाऱ्यानं कागद उलटसुलट करून पाहिला, दोर मागवला आणि शेंड्यापासून तुकडे उतरवले. मजुरी दुप्पट पडली. आजी संध्याकाळी उठल्या, तेव्हा ढलप्या चुलीला मागायला आल्या.