विष, गंज आणि वाळवी: इंदिरा गोस्वामींचे शब्द

आज आसामच्या इंदिरा गोस्वामी (१९४२-२०११). त्यांना २००० चा ज्ञानपीठ मिळाला. लिहायच्या मामोनी रायसम गोस्वामी या नावानं. आज मी कथानक सांगत बसणार नाही, फक्त तीन कादंबऱ्यांची नावं उलगडतो.

पहिली, ‘नीलकंठी ब्रज’. ब्रज म्हटलं की आपल्याला बासरी आणि रास आठवते. पण आधीचा शब्द बघा: नीलकंठी. विष पिऊन गळा निळा झालेला! गोष्ट आहे वृंदावनात पोटासाठी भजनं गाणाऱ्या विधवांची.

दुसरी, ‘मामरे धरा तरोवाल’. मामर म्हणजे गंज. गंजानं धरलेली तलवार. विषय, रायबरेलीकडच्या सई नदीवर जलसेतू बांधणारे मजूर आणि त्यांचा संप.

तिसरी १९८८ ची, ‘दंताल हातीर उंये खोवा हाओदा’. सुळेवाल्या हत्तीचा, वाळवीनं खाल्लेला हौदा. ही दक्षिण कामरूपातल्या एका सत्राची, म्हणजे वैष्णव मठाची गोष्ट.

पॅटर्न दिसला? ब्रज, तलवार, हौदा: तिन्ही मानाच्या गोष्टी. आणि प्रत्येकीच्या आधी तिची इजा. आपण वैभव बघायच्या आतच बाई आपल्याला पडझड दाखवतात.

आता व्याकरणाची गंमत. मराठीत ‘ने’ लागतो तसा असमियात ‘ए’: मामरे, उंये. आपण सहज म्हणतो, तलवार गंजली. इथे मात्र गंज धरतो, वाळवी खाते. म्हणजे नासाडी आपोआप झालेली नाही, कोणीतरी केलीय.

बरं, वाळवीच का? इंग्रजी अनुवादाच्या नावात ‘मॉथ’ आहे, म्हणजे आपली कपडे कुरतडणारी कसर. पण वाळवी लाकूड आतून पोखरते, वरून सगळं शाबूत दिसतं. सत्राचंही तसंच. बाहेर हत्ती, शिष्य, मानपान. आत तरुण विधवा गिरिबाला, जिच्या ताटातल्या घासावरही पहारा. ‘मॉथ’ म्हटलं की हा आतला पोकळपणा निसटतो.

‘रायसम’ हे नाव त्यांच्या नवऱ्याचं, माधवन रायसम अय्यंगार यांचं. लग्नानंतर थोड्याच काळात ते अपघातात गेले. विधवेला आतून काय पोखरतं, ते बाईंना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

म्हणून अनुवाद वाचताना मूळ नावाचा अर्थ एकदा शोधाच. तुमच्या आवडत्या लेखकाचा असा कुठला शब्द पुन्हा पुन्हा येतो? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!