आधी सोबती, मग नायक : 'बाल्डर्स गेट २'मधली टोळी कशी जमवावी

बायोवेअरचा 'बाल्डर्स गेट २ : शॅडोज ऑफ अ‍ॅम्न' हा खेळ २००० साली आला, २०१३मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. आजही तो पहिल्यांदा सुरू करणारा खेळाडू तासभर आपला नायक घडवत बसतो आणि सोबत्यांचा विचार पुढे ढकलतो. हा क्रम उलटा केला तर खेळ जास्त खुलतो. नायक तुमच्या मर्जीप्रमाणे घडतो. सोबत्यांचे क्लास, गुणांक आणि स्वभाव मात्र आधीच ठरलेले असतात. म्हणून आधी सोबती हेरावेत आणि नायकाला त्यांच्याशी जुळवावं.

टोळीला लागणारी कामं

टोळीत नायकासह सहा जण मावतात आणि चार कामांना माणूस लागतोच. पुढे उभं राहून घाव झेलणारा योद्धा, जखमा भरून काढणारा क्लेरिक किंवा ड्रुइड, शत्रूच्या जादूला उत्तर देणारा जादूगार आणि सापळे व कुलपं हाताळणारा चोर. सहाच्या सहा जागा भरायची सक्ती नाही. मारलेल्या शत्रूंचे अनुभवगुण टोळीत वाटले जातात, त्यामुळे माणसं कमी असली तर लेव्हल भराभर चढते. पहिल्या खेळीला मात्र सहा जण असलेले बरे.

गर्दी कुठे, टंचाई कुठे

मूळ खेळात सोळा सोबती आहेत. पुढच्या फळीसाठी मिन्स्क, कोर्गन, केल्डॉर्न, मॅझी, व्हॅलिगार असे बरेच पर्याय मिळतात. उपचारांसाठी एरी, व्हिकोनिया, अ‍ॅनोमेन आणि जाहिरा आहेत. जादूत एडविनचा हात कोणी धरू शकत नाही, कारण त्याला इतर जादूगारांपेक्षा जास्त मंत्र वापरता येतात.

टंचाई चोरांची आहे. इमोएन आणि नालिया या दोघी चोरी सोडून जादूकडे वळलेल्या, त्यामुळे त्यांचं सापळ्यांचं कौशल्य जिथल्या तिथे थांबलेलं. नालियाचं तर चौथ्या लेव्हललाच. पुढच्या अवघड सापळ्यांसाठी यान यान्सनसारखा, जादूसोबत चोरीतही वाढत राहणारा सोबती हवा. तो नको असेल तर नायकाने स्वतः चोर व्हावं.

नायकाने कोणती जागा घ्यावी

केल्डॉर्न हा इन्क्विझिटर प्रकारचा पॅलाडिन आहे. जादू उतरवण्याची त्याची शक्ती त्याच्या लेव्हलच्या दुप्पट जोराने चालते, म्हणून शत्रू जादूगारांची बरीचशी कवचं तो एका फटक्यात काढतो. लाल ड्रॅगन फिरक्रागकडची कार्सोमिर तलवार फक्त पॅलाडिनलाच चालते आणि बाळगणाऱ्याला जादूपासून ५० टक्के संरक्षण देते. नायकही पॅलाडिन असेल, तर त्या एका तलवारीचे दोन दावेदार होतात.

उलट सॉर्सरर, मंक आणि बार्बेरियन या क्लासचा एकही सोबती मूळ खेळात नाही. नायकाने यांपैकी काही निवडलं, तर सोबत्यांकडून न मिळणारी गोष्ट टोळीत येते.

मल्टी-क्लास की ड्युअल-क्लास

मल्टी-क्लास फक्त मानवेतर वंशांना मिळतो. दोन्ही क्लास जोडीने वाढतात, पण अनुभवगुण विभागले जात असल्याने चाल संथ असते. ड्युअल-क्लास फक्त मानवांसाठी आहे. यात जुना क्लास सोडून नवा पहिल्या लेव्हलपासून सुरू करायचा असतो आणि नवा क्लास जुन्याच्या पुढे जाईपर्यंत जुन्या शक्ती बंद राहतात.

केन्साई-जादूगार हे याचं गाजलेलं उदाहरण. केन्साई हा योद्ध्याचाच एक प्रकार; तो चिलखत घालू शकत नाही, पण दर तीन लेव्हलला त्याचा नेम आणि घावाचा जोर वाढतो. नवव्या लेव्हलला, म्हणजे २,५०,००० अनुभवगुणांवर, त्याने जादूची वाट धरली, तर दहावी लेव्हल गाठायला आणखी तितकेच गुण लागतात. बदलासाठी ताकद किमान १५ आणि बुद्धी किमान १७ हवी. मधल्या काळात नायक टोळीतला सर्वांत दुबळा असतो, म्हणून ही वाट धरणाऱ्याने कोर्गन किंवा केल्डॉर्नसारखा भक्कम माणूस आधीच पुढे उभा करावा.

स्वभावही जुळायला हवेत

टोळीची कीर्ती १ ते २० अशी मोजली जाते. ती फार खाली गेली तर सज्जन सोबती सोडून जातात, फार वर गेली तर एडविन, कोर्गन आणि व्हिकोनियासारखे दुष्ट वृत्तीचे. केल्डॉर्न आणि व्हिकोनिया यांचं एका टोळीत जमणं कठीण, वाद थेट तलवारीपर्यंत जातो.

तुमच्या सल्ल्याने माणूसही बदलतो. अ‍ॅनोमेनच्या बहिणीचा खून होतो आणि सूड घ्यावा का, असं तो तुम्हाला विचारतो. त्याला आवरलं तर तो सरदार होतो आणि त्याचं शहाणपण १२ वरून १६ वर जातं. असा क्लेरिक टोळीला अधिक उपयोगी पडतो. सोबत्याचं मन ओळखून त्याला सांभाळणं हा इथे युद्धनीतीचाच भाग आहे.

पहिल्या खेळीसाठी एक टोळी

नायक सॉर्सरर घ्या. सोबत केल्डॉर्न, मॅझी, जाहिरा, एरी आणि यान. केल्डॉर्न आणि मॅझी पुढची फळी धरतात, जाहिरा लढतेही आणि उपचारही करते, एरी क्लेरिक व जादूगार अशी दोन्ही कामं सांभाळते, सापळे यान पाहतो. यांच्यात दुष्ट वृत्तीचं कोणी नाही, त्यामुळे कीर्ती वाढली तरी टोळी फुटत नाही. सॉर्सररला शिकलेला मंत्र बदलता येत नाही आणि निवडीही मोजक्याच मिळतात. जादू उतरवण्याचं काम केल्डॉर्नने उचललं की त्या मोजक्या निवडी हल्ल्याच्या आणि संरक्षणाच्या मंत्रांसाठी मोकळ्या राहतात. नायक घडवताना सोबती डोळ्यांसमोर असण्याचा फायदा तो हाच.