मधल्या अक्षरांवरचा राजा

झिजलेल्या नाण्यावर जितकी जास्त अक्षरं शिल्लक, तितकी त्याची ओळख पक्की, असा सर्वसाधारण समज आहे. विदर्भात मिळणाऱ्या सातवाहनांच्या नाण्यांपुरता तरी तो टिकत नाही. ही नाणी पोटीनची, म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांच्या मिश्रधातूची. एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती आणि त्याच्या भोवती ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख; दुसऱ्या बाजूला चार वर्तुळांना फुलीने जोडणारं ‘उज्जैन चिन्ह’. राजा बदलला तरी हत्ती तोच आणि चिन्हही तेच. लेखाची सुरुवात ‘रञो सिरि’ आणि शेवट बहुतेक वेळा ‘सातकणिस’. राजाचं स्वतःचं नाव बसतं ते मधल्या दोन-तीन अक्षरांत. त्यामुळे ‘सातकणिस’ लख्ख दिसणारं नाणं फार तर घराणं सांगतं. कडेला जेमतेम ‘कुभ’ उरलेलं नाणं मात्र कुंभ सातकर्णी हा राजाच हाती देतं.

चौथ्या शतकातल्या रोमन कांस्य नाण्यांचीही हीच अडचण आहे. कॉन्स्टान्टिनस, कॉन्स्टान्टियस, कॉन्स्टान्स ही बापलेकांची नावं, आणि लॅटिनमध्ये तिन्हींची पहिली सात अक्षरं एकच. तिथे निदान मागची बाजू मदतीला येते. दोन सैनिकांच्या मध्ये दोन ध्वज असले तर नाणं साधारण 335 सालापर्यंतचं, एकच असला तर त्यानंतरचं. शिवाय तळाशी टांकसाळीची खूण. आपल्या हत्तीच्या नाण्यावर ना साल, ना टांकसाळीचं नाव. त्याला आधार सोबतच्या नाण्यांचाच. लेख एका चकतीवर क्वचितच पूर्ण उमटतो, पण प्रत्येक नाण्यावर त्याचा वेगळा तुकडा उरतो. एकावर ‘सिरि कु’, दुसऱ्यावर ‘भ सात’ असे तुकडे जुळवत गेलं की नाव पुरं होतं. 1939 साली आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळा इथे दीड हजारांच्या आसपास नाणी एकत्र सापडली. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी ती वाचली, तेव्हा कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी ही नावं पुढे आली. पुराणांतल्या राजावळीत ती नाहीत. ‘एकसारख्या शेकडो नाण्यांत नवं काय मिळणार?’ या प्रश्नाचं उत्तर मला इथेच मिळतं.

चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या वाचकाला हे दूरचं वाटू नये. तेव्हाच्या चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात, ज्यात आजचं गडचिरोलीही होतं, 1888 साली असाच साठा निघाला. नाणेअभ्यासक रॅप्सन यांनी ब्रिटिश म्युझियमच्या 1908 च्या सूचीत चांद्याच्या काही नाण्यांवरचं नाव ‘कण्ह’, म्हणजे कृष्ण, असं घेतलं. तऱ्हाळ्याच्या नाण्यांवर ‘कण’, म्हणजे कर्ण, वाचलं गेलं. ‘ण’ला ‘ह’ जोडलेला आहे की ती नुसती झीज आहे, एवढ्यावर राजाचं नाव ठरतं. यावर रास्त आक्षेप असा, की तुकडे जुळवताना मनात असलेलं नावच डोळ्यांना दिसू लागतं. म्हणूनच दिसलेली अक्षरं आधी जशीच्या तशी उतरवावीत, आपण भरलेली चौकटी कंसात ठेवावीत, आणि दोन नावं शक्य असतील तर दोन्ही नोंदवावीत. क्ष-किरणांनी धातू तपासण्याची सोय आता आहे आणि बनावट नाणी पकडायला ती उपयोगी पडते. पण धातूचं प्रमाण कळलं म्हणून राजाचं नाव कळत नाही.

शेतात निघालेला साठा फोडून चांगली नाणी विकणं आणि गुळगुळीत मोडीत घालणं, हे म्हणूनच मोठं नुकसान आहे. नेमकी मधली अक्षरं त्या टाकून दिलेल्यांवर असू शकतात. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा साठा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तो कळवताना एकही नाणं निरुपयोगी म्हणून बाजूला काढू नये. निवड करण्याचा हक्क वाचून झाल्यावरच मिळतो.