पिनकोड, आयपी पत्ता आणि घरातला राउटर

भोपाळच्या गोविंदपुऱ्याचा पिनकोड ४६२०२३. पहिल्या ४ वरून महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा टापू कळतो. पुढचे अंक पत्र नेमक्या टपाल कार्यालयापर्यंत नेतात. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही सुरेख पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. संगणकाचा आयपी पत्ताही असाच वाचावा: आधीचा भाग जाळं सांगतो, शेवटचा त्यातलं यंत्र.

जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जेमतेम ४३० कोटी. म्हणून घरातले मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही बाहेर बहुधा एकाच पत्त्याने वावरतात आणि आलेली माहिती ज्याची त्याला राउटर पोचवतो. आपण वेबसाइटचं नाव टाइप करतो. त्यावरून आकडी पत्ता शोधून देते ती डीएनएस.

वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे, हे नवशिक्यांना आवर्जून सांगायला हवं. ती फक्त राउटर ते मोबाइल एवढीच बिनतारी जोडणी. वाय-फायची खूण पूर्ण दिसूनही पान उघडत नसेल, तर राउटरकडे बघा. फायबरच्या जोडणीत एलओएस हा दिवा लाल झाला असेल, तर बाहेरून येणाऱ्या तारेतून प्रकाशच पोचत नाही. अशा वेळी मोबाइलशी खटपट न करता थेट सेवा कंपनीकडे तक्रार नोंदवावी.