लहान भाडे-इमारतीतील गुंतवणूक : बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात

निवृत्तीनंतरच्या नियमित उत्पन्नासाठी पाच-सहा सदनिकांची लहान इमारत विकत घेणे हा मार्ग नोकरदार वर्गास आकर्षक वाटतो. प्राध्यापकही त्यास अपवाद नाहीत. मात्र या गुंतवणुकीचा हिशेब बहुधा केवळ भाड्याच्या रकमेवरून मांडला जातो. तिची खरी जोखीम इमारतीच्या लहानपणात असते.

उदाहरणादाखल, 80 लाख रुपये किमतीच्या सहा सदनिकांचे प्रत्येकी मासिक 6,000 रुपये भाडे गृहीत धरल्यास वार्षिक उत्पन्न 4,32,000 रुपये, म्हणजेच 5.4 टक्के होते. 40 लाखांचे कर्ज 9 टक्के दराने घेतल्यास पहिल्या वर्षाचे व्याजच सुमारे 3,60,000 रुपये. उरलेल्या 72,000 रुपयांत मालमत्ता कर आणि दुरुस्ती भागवावी लागते. मुद्दलाचा हप्ता पगारातूनच जातो. एकच सदनिका चार महिने रिकामी राहिली तरी 24,000 रुपये बुडतात. शेगावसारख्या ठिकाणी विद्यार्थी हेच भाडेकरू असल्यास उन्हाळी सुटीत एकाच वेळी अनेक सदनिका रिकाम्या होण्याचा संभव असतो.

घाटावर आणि घाटाखाली हा जिल्ह्यातील भेद येथे विशेष महत्त्वाचा आहे. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिला साजेसा नसल्यास भिंतींना तडे जातात. खारपाणपट्ट्यात कूपनलिकेचे क्षारयुक्त पाणी नळ व मोटार लवकर खराब करते. असेच पाणी बांधकामात वापरले गेले असल्यास आतील सळई गंजते, आणि हा दोष नव्या रंगाखाली दिसत नाही. घाटावरील बुलडाणा शहराची भिस्त येळगाव धरणावर आहे. टंचाईच्या वर्षी टँकरचा खर्च पन्नास नव्हे, सहाच घरांत वाटला जातो.

स्थावर संपदा अधिनियम, 2016 नुसार भूखंड 500 चौरस मीटरपेक्षा किंवा सदनिका 8 पेक्षा अधिक नसल्यास प्रकल्पाची नोंदणी बंधनकारक नाही. साहजिकच मंजूर नकाशा, अकृषिक परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र खरेदीदारानेच तपासावे लागते. भाडेकरू ओळखीचा म्हणून कागद न करण्याची रीतही महागात पडते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असून, ती टाळल्यास वादात विरुद्ध पुरावा येईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटीच ग्राह्य धरल्या जातात.