एकसंध ओतला साडेतेरा फुटी अश्वारूढ पुतळा! सासवण्याचे शिल्पकार करमरकर कोण होते?

अमेरिकेत 'काउबॉय आर्टिस्ट' म्हटलं की फ्रेडरिक रेमिंग्टन आणि चार्ल्स रसेल ही नावं येतात. उधळलेला घोडा आणि त्यावर तोल सावरणारा स्वार हे रेमिंग्टन यांचं १८९५ मधलं ब्राँझ शिल्प जगप्रसिद्ध आहे. घोडा, स्वार आणि गावाकडची माणसं घडवणारा असाच एक कलाकार रायगडच्या किनाऱ्यावरही होऊन गेला. त्यांचं नाव विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर.

गणपतीच्या मूर्तींपासून सुरुवात

अलिबाग तालुक्यातल्या सासवणे गावात १८९१ मध्ये त्यांचा जन्म झाला. घरात गणपतीच्या मूर्ती बनायच्या, त्यामुळे मातीशी ओळख लहानपणीच झाली. त्यांनी देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र तेव्हाचे कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस पडलं, असं सांगितलं जातं. त्यांच्याच मदतीने करमरकर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोहोचले. पुढे सुरेंद्रनाथ टागोरांच्या प्रोत्साहनाने त्यांनी कोलकात्यात स्टुडिओ थाटला. नंतर लंडनमध्येही शिक्षण घेतलं.

एका ओतकामात पुतळा, एवढं काय कठीण?

पुण्यातल्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला महाराजांचा अश्वारूढ पुतळा ही त्यांची सर्वात गाजलेली कलाकृती. उंची साडेतेरा फूट, वजन सुमारे आठ टन.

एवढे मोठे पुतळे सहसा तुकड्यांत ओतून नंतर जोडतात. कारण साधं आहे. वितळलेलं ब्राँझ थंड होण्याआधी साच्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचावं लागतं. आत हवा अडकली की पोकळी राहते. साचा फुटला तर सगळं मुसळ केरात. तुकडा बिघडला तर तेवढाच पुन्हा ओतता येतो, एकसंध पुतळ्यात ती सोय नाही. करमरकरांनी तरीही ही जोखीम घेतली. मुंबईत माझगाव डॉकमध्ये ओतकाम झालं, ते यशस्वी ठरलं आणि पुतळा रेल्वेने पुण्याला गेला. जून १९२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं.

मग सिमेंट कशाला?

राजे आणि पुढाऱ्यांच्या पुतळ्यांना पैसा देणारे असतात. हमालाच्या किंवा म्हशीच्या शिल्पासाठी कोण ब्राँझचा खर्च करणार? करमरकरांनी त्यावर सिमेंटचा मार्ग काढला. 'मत्स्यगंधा', हमाल, म्हैस अशा शिल्पांत त्यांच्या आजूबाजूचं जगणं दिसतं. कुणी ऑर्डर दिली नसती तर ही माणसं शिल्पात आलीच नसती. सिमेंटमुळे ती आली.

१९६२ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. १९६७ मध्ये त्यांचं निधन झालं.

शिल्पं कुठे पाहता येतील?

सासवण्यातल्या त्यांच्या घरीच आता संग्रहालय असून तिथे शंभरहून अधिक शिल्पं आहेत. गेटवेहून बोटीने मांडव्याला उतरलं की सासवणे काही किलोमीटरवर. अलिबागला जाणारे बहुतेक पर्यटक मात्र थेट बीच गाठतात. पुढच्या वेळी वाटेत तासभर थांबून बघा!