सर्व्हरचे वितरण आणि दुरुस्तीची मुदत

पावसाळा सरला की हिवरे बाजारची ग्रामसभा झालेल्या पावसाच्या नोंदींवरून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यात शिल्लक दिसेल तेवढ्या पाण्यावरच पुढची पिके ठरवते. उसाला तेथे मज्जाव आहे, कारण त्याला बारमाही पाणी पुरवण्याची हमी ते अवर्षणप्रवण गाव देऊ शकत नाही. सर्व्हरसाठी लिनक्सचे वितरण निवडणाऱ्यानेही हीच दृष्टी ठेवावी आणि वितरणाच्या नवेपणापेक्षा त्याच्या दुरुस्तीची तजवीज किती वर्षांची आहे हे आधी पाहावे, असे माझे निश्चित मत आहे.

पुण्यात हवामानाच्या भाकितासाठी २०१८ साली राष्ट्रार्पण झालेल्या ‘प्रत्युष’वर क्रे कंपनीची, सुसे वितरणावर बेतलेली प्रणाली आली, आयसरच्या ‘परम ब्रह्म’ने सेंटओएस ७ पत्करले, सी-डॅकच्या ‘परम सिद्धी’वर उबुंटू आले. अशा महासंगणकांत निवडीचा बराचसा भाग यंत्राचा निर्माताच उरकतो. खरी पंचाईत लहान कचेरीची, जिला सर्वच वाटा मोकळ्या असतात.

अशा कचेऱ्यांनी वर्षानुवर्षे सेंटओएसवर भिस्त ठेवली, कारण रेड हॅटच्या सशुल्क वितरणाच्याच मूळ संहितेतून बांधलेली ती विनामूल्य प्रत होती. आठव्या आवृत्तीला २०२९पर्यंतची मुदत अपेक्षित असताना, ८ डिसेंबर २०२० रोजी ती २०२१अखेर संपेल असे जाहीर झाले. सातवी मात्र ३० जून २०२४पर्यंत चालली. धाकटी आधी गेली, थोरली मागे उरली! रॉकी आणि अल्मा ही वितरणे त्या पोकळीतून जन्मली.

सेंटओएस ७ची मुदत सरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ जुलै २०२४ला, दूरस्थ प्रवेशाचे द्वार राखणाऱ्या ओपनएसएसएचमधील गंभीर दोष उघड झाला. मूळ कर्त्यांनी ९.८ ही नवी आवृत्ती काढली. डेबियन १२ने मात्र आपली ९.२च कायम ठेवून तिच्यात नेमकी तेवढी दुरुस्ती बसवली आणि आवृत्तीच्या नावाला ‘डेब१२यू३’ अशी शेपटी जोडली. चालत्या दप्तराला धक्का न लावता केवळ दोष दूर करणारी ही शिस्त मला फार मोलाची वाटते. डेबियनची प्रत्येक स्थिर आवृत्ती सुमारे पाच वर्षे सांभाळली जाते, आणि एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर यंत्र नव्याने न उभारता जागच्या जागी जाता येते. म्हणून जिथे एकच कारकून-अभियंता सर्व सर्व्हर पाहतो, तिथे माझा कौल डेबियनला आहे.